विमान : घरच्या घरी

मुंबईतल्या इमारतीच्या गच्चीवर काय असावं आणि काय नसावं, याबद्दल आपली मतं ठाम असतात. पाण्याची टाकी असावी. मे महिन्यात पापड-कुरडया असाव्यात. कोजागरीला मसाला दूध असावं आणि ‘दूध कोणी सांडलं’ या विषयावर पुढच्या रविवारी सभा असावी. मुलं नसावीत, कारण ती क्रिकेट खेळतात. कॉलेजातले तरुण नसावेत, कारण ते खेळत नाहीत. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असावी आणि सेक्रेटरी गावाला गेलेले असावेत. विमानाबद्दल मात्र कुठल्याही सोसायटीच्या फलकावर अवाक्षर आढळत नाही. ‘गच्चीवर विमान बांधू नये, आज्ञेवरून’ अशी पाटी लावण्याची वेळ येईल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी गच्चीवर विमान बांधलं. खेळण्यातलं नव्हे, सहा माणसं बसतील असं. यादव पेशाने वैमानिक. म्हणजे कामावर गेले की कंपनीचं विमान चालवायचं आणि घरी आले की जिना चढून स्वतःचं बांधायचं. बँकेतला माणूस घरी येऊन हौसेने पासबुकं भरत बसत नाही. यादवांचं तसं नव्हतं.

आता गच्चीवर विमान बांधायचं म्हणजे आधी त्याचं सामान गच्चीवर न्यायला हवं. आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावर फ्रिज न्यायचा तरी जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक तज्ज्ञ उभा असतो. “तिरका करा, तिरका!” “अहो, उलटा फिरवा!” “मी आधीच सांगत होतो, दार काढा म्हणून.” फ्रिज अडकतो, कठड्याचं पॉलिश जातं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दाराच्या फटीतून सगळं पाहत असतात. इथे तर लेथ मशीन होतं, वेल्डिंगचं यंत्र होतं, कॉम्प्रेसर होता आणि सरतेशेवटी विमानाचं इंजिन होतं. हे सगळं वर गेलं. ते वर जात असताना खाली उभ्या असलेल्या मंडळींना पडला असेल तो प्रश्न मी न ऐकताही सांगू शकतो : “ते सगळं ठीक आहे, पण खाली कसं आणणार?”

त्याचं उत्तर फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळालं. वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला होता. विमान सुटं केलं, गच्चीवरून उतरवलं, तिकडे नेऊन पुन्हा जोडलं आणि लोकांपुढे मांडलं. खाली कसं आणणार, हा प्रश्न मिटला. लगेच दुसरा सुरू झाला : “ते सगळं ठीक आहे, पण वर कसं जाणार?”

मराठी माणसाला विमानाचं वावडं आहे असं मुळीच नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. पुरावा मागितला की सांगणारा घड्याळ बघतो, हा भाग वेगळा. कथेतल्या विमानाची सोय अशी की त्याला रिवेट मारावे लागत नाहीत, त्याची टाकी गळत नाही आणि ते ठेवायला जागा लागत नाही. घरी खरंखुरं विमान बांधणाऱ्याला ही तीनही संकटं असतात. शिवाय चौथं संकट म्हणजे बघायला येणारे पाहुणे. मी या चौथ्या वर्गात मोडतो.

घरी विमान बांधणाऱ्यांच्या जमातीचा मी बऱ्याच दिवसांपासून अभ्यास करतो आहे आणि माझ्या हाती एक निष्कर्ष लागला आहे. ज्याला आकाशात उडायचं असतं, तो विमान बांधत नाही. तो जुनंपुराणं दोन किंवा चार आसनी विमान विकत घेतो आणि पुढच्याच रविवारी उडतो. अमेरिकेत वापरलेल्या विमानांचा बाजार आहे. भाव करायचा, कागद बघायचे, चावी घ्यायची. विमान घरी बांधतो तो वेगळाच प्राणी. त्याला विमान बांधायचं असतं. उडणं हे त्याने घरच्यांना, बँकेला आणि स्वतःला सांगितलेलं कारण असतं.

ही हौस विमानाइतकीच जुनी आहे, किंबहुना विमान जन्मलं तेच मुळी घरगुती उद्योगातून. राइट बंधूंचं सायकलींचं दुकान होतं हे आपण शाळेत शिकलो. शाळेत न शिकवलेली गोष्ट अशी, की १९०० साली विल्बर राइट समुद्राकाठच्या किटी हॉकला ग्लायडर जोडायला पोचला, तेव्हा पंखासाठी हवी होती तेवढ्या लांबीची लाकडं वाटेत कुठे मिळालीच नव्हती. मिळाली ती आखूड. लाकूड आखूड म्हणजे कापडही आखूड करणं आलं. मग टेट नावाच्या कुटुंबाकडे विल्बर उतरला होता, त्या टेट बाईंचं शिलाई मशीन मागून घेऊन त्याने पंखाचं सॅटीन पुन्हा शिवलं. हंगाम संपला, ग्लायडर तिथेच वाळूत टाकून भाऊ घरी गेले. टेट बाई व्यवहारी. त्यांनी ते सॅटीन काढून आणलं आणि आपल्या दोन मुलींना झगे शिवले. विमानविद्येच्या इतिहासात टेट बाईंचं नाव तळटीपेत येतं. माझ्या मते ते ठळक अक्षरांत यायला हवं. त्या ग्लायडरमधून निश्चितपणे आणि रोज उपयोगी पडलेली वस्तू त्यांनीच काढली.

पुढे राइट बंधूंना इंजिन हवं होतं. मोटारवाल्यांकडे त्यांच्या वजनात बसणारं इंजिन मिळेना. तेव्हा त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकने ते दुकानातच सहा आठवड्यांत करून दिलं. साधारण १२ अश्वशक्तीचं. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्याच्या जोरावर ऑर्विल १२ सेकंद हवेत राहिला आणि १२० फूट गेला. आमच्या घरी नळाच्या वायसरसाठी सांगितलेला प्लंबर सहा आठवड्यांत फोनही उचलत नाही.

त्यानंतर प्रत्येक पिढीत कुणी ना कुणी ‘हे तुम्हीही करू शकता’ असं लोकांच्या मनात भरवलं. सांतोस-दुमाँ या ब्राझीलच्या वल्लीने ‘देमुआझेल’ या आपल्या चिमुकल्या विमानाचे आराखडे फुकट वाटले. १९१० साली ते अमेरिकेच्या ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’मध्ये छापून आले. १९३० च्या दशकात आंरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थाने ‘उडती पिसू’ नावाचं विमान काढलं. ज्याला लाकडी खोका ठोकता येतो त्याला माझं विमान बांधता येईल, असं त्याचं सांगणं. खोका ठोकता येणारी माणसं जगात भरपूर. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये घरोघरी पिसवा तयार होऊ लागल्या. पण रचनेतच एक खोट होती : नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेलं की ते वर येईना. माणसं दगावली, सरकारांनी पिसवांना जमिनीवर बसवलं आणि मग वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या करून ती खोट समजून घेतली गेली. या हौसेच्या इतिहासातला हा काळा भाग आहे. आज घरी विमान बांधणारा प्रत्येक जण जे काही मोजतो, तपासतो, पुन्हा तपासतो, त्याच्या मुळाशी अशीच कुणीतरी गमावलेली माणसं आहेत.

१९५३ साली मिलवॉकीमध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी लोकांची संघटना काढली. तिचा कारभार सुरुवातीला त्यांच्या घराच्या तळघरातून चाले. दोनच वर्षांनी एका मासिकात त्यांचा लेख आला. विमान बांधा, इंजिनासकट ८०० डॉलरच्या आत! त्या ८०० डॉलरवर किती संसारांत वाद झाले, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. आज ती संघटना दर जुलैत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला मेळा भरवते आणि त्या आठवड्यात तिथे दहा हजारांच्या घरात विमानं उतरतात. त्यातली अनेक कुणाच्या ना कुणाच्या गॅरेजात जन्मलेली असतात.

अशा एका गॅरेजात मी स्वतः उभा राहिलो आहे. माझा भाचा टेक्सासमध्ये राहतो. तो कॉम्प्युटरवाला आहे, त्यामुळे हाताने काहीतरी करावं ही भूक त्याला पहिल्यापासून होती. लोणच्यावर भागलं असतं. त्याने विमान निवडलं.

ही विमानं हल्ली संच म्हणून मिळतात आणि संच विकणारे लोक मानसशास्त्रात पारंगत असतात. पूर्ण विमानाची किंमत एकदम सांगितली तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल. म्हणून ते आधी फक्त शेपटी विकतात. शेपटी त्या मानाने स्वस्त. घरी सांगायला सोपी : “फक्त शेपटी घेतोय, आवडलं तर पुढचं बघू.” शेपटी घरी आली, जमली, की पंख. पंख झाले की धड. धड झालं की, आता इतकं झालंच आहे तर, इंजिन. इंजिन आणि डॅशबोर्डावरची उपकरणं धरली की आकडा लाखभर डॉलरच्या पुढे सहज जातो. पण तो कधीच एका दिवशी जात नाही, हीच त्यातली खुबी. अर्थात शेपटीपाशीच शहाणपण सुचलेलेही पुष्कळ असतात. अमेरिकेतल्या कित्येक गॅरेजांच्या भिंतींवर नुसत्या शेपट्या टांगलेल्या आहेत.

भाच्याच्या घरी शेपटीच्या मागोमाग बाकीचं विमानही आलं. गॅरेज दोन गाड्यांचं होतं. दोन्ही गाड्या बाहेर गेल्या. वसंतात तिकडे गारा पडतात, लिंबाएवढ्या. एका रात्री दोन्ही गाड्यांच्या टपांना खड्डे पडले. भाच्याने बॅटरी घेऊन पहिल्यांदा गॅरेजचं छप्पर तपासलं. “विमान सुखरूप आहे,” तो म्हणाला. भाचेसून म्हणाली, “चला, जीव भांड्यात पडला. आता उद्या ऑफिसला विमानानेच जा.”

विमान बांधणं म्हणजे नेमकं काय करणं, याची माझी कल्पना सिनेमातून आलेली होती. ठिणग्या, काळा चष्मा, पार्श्वसंगीत. प्रत्यक्षात विमान बांधणं म्हणजे भोकांची निगा राखणं. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला भोक पाडायचं. मग त्या भोकाची कड घासून गुळगुळीत करायची, कारण कडेला बारीक खरबरीतपणा राहिला तर तिथून पुढे कधीतरी चीर जाते. मग पत्रा उलटा करायचा आणि त्याच भोकाची दुसरी कड घासायची. मग पुढचं भोक. एका विमानात दहा हजारांच्या वर रिवेट असतात आणि प्रत्येक रिवेटला किमान दोन पत्र्यांतून जावं लागतं. गणित तुम्हीच करा. पत्रे तात्पुरते धरून ठेवायला ‘क्लेको’ नावाच्या स्प्रिंगच्या खिट्या असतात. मापाप्रमाणे चंदेरी, तांबूस, काळ्या. पंखाचा पत्रा शेकडो क्लेकोंनी काटेरी झालेला असतो आणि बांधणारा त्याच्याकडे इतक्या मायेने बघतो की आपल्याला उगाच संकोच वाटतो.

रिवेट मारणं हे दोन माणसांचं काम आहे. एक जण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी रिवेट गन धरतो. दुसरा आतल्या बाजूने रिवेटच्या शेपटाला बकिंग बार म्हणजे जड पोलादी किंवा टंगस्टनचा ठोकळा टेकवून धरतो. गन धडाधडा ठोकते, शेपूट ठोकळ्यावर चेपून चपटं होतं. गनवाल्याला फक्त बाहेरचं गुळगुळीत डोकं दिसतं. आत काय झालं, हे बारवाल्यालाच कळतं. संसारात ही वाटणी आपोआप होते. भाचा बाहेर, भाचेसून आत. तिचा एक हात धडाच्या निमुळत्या टोकात खांद्यापर्यंत गेलेला, कानांवर आवाज अडवणारी टोपणं, डोळे मिटलेले, कारण दिसत काहीच नसतं, सगळं स्पर्शाने.

“तयार?”

“थांब.”

“तयार?”

“थांब म्हटलं ना. हं. मार.”

टर्रर्र.

“कसं आलंय?”

आतून काही क्षण काहीच नाही.

“वाकडं.”

“किती वाकडं?”

“तू ‘चालेल’ म्हणशील एवढं.”

इथे मी मध्यस्थी करावी म्हणून पुढे झालो. भाचेसून धडातून डोकं बाहेर काढून म्हणाली, “मामा, तुम्ही जरा त्या दिव्यासमोरून बाजूला होता का?” मी झालो. तिच्या खिशात पत्र्याची एक मापपट्टी होती. चपटं झालेलं शेपूट रिवेटच्या दांड्याच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि जाडीच्या निम्मं उंच असलं पाहिजे, असा दंडक. ती पट्टी लावून तिने निकाल दिला : दांडा वाकला आहे, पण बसला आहे. भाचा लगेच ड्रिल घेऊन तो रिवेट काढायला निघाला. तिने त्याला अडवलं. कारण इथे एक फार मोठी मेख असते. किंचित वाईट रिवेट काढायला जावं, तर ड्रिल घसरतं, भोक मोठं होतं, मग मोठा रिवेट घालावा लागतो आणि तो आधीपेक्षा वाईट बसतो. कोणता दोष काढायचा आणि कोणता मान्य करून पुढे जायचं, हे ओळखणं म्हणजेच या कामातलं खरं कौशल्य, असं जुने बांधणारे सांगतात. भाचेसुनेने नवऱ्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाली, “राहू दे. चालवून घेऊ.” हे ती नेमकं कुणाबद्दल म्हणाली, ते मी विचारलं नाही.

यानंतर पेट्रोलची टाकी. या विमानांत टाकी म्हणजे पंखाचाच पुढचा भाग. तिचे सांधे बुजवायला राखाडी रंगाचा एक लगदा येतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि तो फणसाच्या चिकासारखा आहे : जिथे लावायचा तिथे लागतो की नाही ते नंतर कळतं, पण जिथे लावायचा नाही तिथे हमखास लागतो. हातांना, केसांना, दाराच्या मुठीला, मोबाइलला आणि दुसऱ्या दिवशी, कुणीही हात लावलेला नसताना, फ्रिजच्या दाराला. फणसाला निदान खोबरेल तेलाचा उतारा आहे.

टाकी बुजवून झाली की ती गळते का, हे बघायची पद्धत मला सगळ्यात आवडली. लाखभर डॉलरच्या या उद्योगातली ही निर्णायक परीक्षा वाढदिवसाच्या फुग्यावर घेतली जाते. टाकीची सगळी तोंडं बंद करायची, एका तोंडाला फुगा बांधायचा, आत बेताची हवा भरायची आणि सांध्यांवरून साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडा दिसला की गळती. फुगा रात्रभर टम्म राहिला की टाकी पास. पण रात्री थंडी पडली की आतली हवा आकसते आणि टाकी धड असूनही फुगा मलूल होतो. भाच्याच्या घरी पहाटे उठून माणसं फुगा बघायला जात. “कसा आहे?” “कालच्यापेक्षा उतरलाय.” “ऊन येऊ दे, येईल वर.” फोनवरून ही चौकशी ऐकणाऱ्या माझ्या बहिणीला, घरात कुणीतरी आजारी आहे आणि आपल्यापासून लपवताहेत, अशी खात्रीच पटली होती.

वजन हा या मंडळींचा दुसरा ध्यास. विमानात चढणारा प्रत्येक ग्रॅम कायमचा उचलावा लागतो, म्हणून ते स्क्रूचं टोक जास्त लांब असेल तर आखूड स्क्रू शोधतात, रंगाचा आणखी एक थर द्यावा का यावर आठवडाभर चर्चा करतात. तराजूवर सीटची गादी ठेवून २०० ग्रॅम वाचल्याचा आनंद भाच्याने त्याच दुपारी चार पुरणपोळ्या खाऊन साजरा केला. वर तूप.

इंजिनाची गोष्ट याहून न्यारी. आपल्या स्कूटरमध्येही आता कॉम्प्युटर असतो. या विमानांत मात्र अजूनही बहुतेकांची पसंती १९५० च्या दशकात रचना झालेल्या चार सिलिंडरच्या इंजिनाला असते. ठिणगीसाठी मॅग्नेटो, तोही जोडीने, म्हणजे एक गेला तरी दुसरा चालावा. असं जुन्या घडणीचं नवं इंजिन नव्या कोऱ्या मोटारीहून महाग पडतं. कारण विचारलं तर भाचा म्हणाला, “मामा, वर गेल्यावर बाजूला घेऊन उभं करता येत नाही ना.” एवढं पटण्याजोगं उत्तर त्याने आयुष्यात आधी दिलं नव्हतं.

इंजिन यायच्या आधीचा एक टप्पा कुठल्याच आराखड्यात लिहिलेला नसतो, पण जगातला प्रत्येक बांधणारा तो पार पाडतो. धड घोड्यांवर ठेवलेलं असतं. पंख नाहीत, चाकं नाहीत, काच नाही. संध्याकाळी काम आटोपल्यावर, आसपास कुणी नाही असं बघून, बांधणारा आत शिरतो, उलट्या बादलीवर बसतो, हातात कंट्रोलची दांडी धरतो आणि तोंडाने विमानाचा आवाज काढतो. जाणते लोक याला कामाचा आवश्यक भाग मानतात. भाच्याला हे करताना मी गॅरेजच्या दारातून पाहिलं. वळताना तो अंगही कलवत होता. मी खाकरलो. तो ओशाळून म्हणाला, “सीटची उंची बघत होतो.” पुढच्या संध्याकाळी सीटची उंची मीही बघितली.

उडायच्या हौसेपेक्षा बांधायची हौस मोठी असते हा माझा निष्कर्ष तिथे, त्या बादलीवर पक्का झाला. नोकरीत भाच्याचं काम दहा जणांच्या कामात मिसळून जातं. तीन वर्षांनी ते कुणीतरी पुसून नवं लिहितं. इथे मात्र एक पत्रा घासला तर तो घासलेला राहतो. वाकडा रिवेट कुणाच्या नावावर ढकलता येत नाही आणि सरळ रिवेटचं श्रेय साहेबाला द्यावं लागत नाही. अशा कामाला दीड-दोन हजार तास लागतात, आणि तो तक्रार करतो ती फक्त ते तास ऑफिसमुळे सलग मिळत नाहीत याची.

अमेरिकेतला कायदाही हे ओळखून आहे. अशा विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी, स्वतः बांधलेला असला पाहिजे. याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. तपासनिसाला पुरावा लागतो, म्हणून पायरीपायरीचे फोटो. भाच्याच्या लग्नाचे सगळे फोटो एका पेनड्राइव्हवर आहेत आणि तो पेनड्राइव्ह सापडत नाही. विमानाच्या शेपटीचे फोटो तीन ठिकाणी जपून ठेवलेले आहेत. तपासनीस येण्याच्या आदल्या रात्री भाचेसुनेने सहज विचारलं, “त्या ५१ टक्क्यांत माझे किती?” भाच्याने हिशोब सुरू केला आणि जेवण वाढेपर्यंत मौन पाळलं.

कागद हा सगळ्याच देशांत विमानाचा सर्वांत जड भाग असतो. चारकोपचं विमान लोकांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये डोळ्यांनी पाहिलं. त्याची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. नोंदणीचं अक्षरचिन्ह व्हीटी-एनएमडी, म्हणजे पंतप्रधान आणि तेव्हाचे मुख्यमंत्री यांच्या नावांची आद्याक्षरं. इमारतीच्या दुरुस्तीची फाइल महापालिकेत फिरवून आलेल्या कुणालाही या नामकरणामागची कृतज्ञता समजेल. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये पालघरला विमानांचा कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी ३५ हजार कोटींचा सामंजस्य करारही झाला. गच्चीवरून पस्तीस हजार कोटींपर्यंत मजल गेली, पण ती कागदावर. कागद वजनाला भारी असला तरी उडायला मात्र पहिला असतो.

भाच्याचं विमान यथावकाश उडालं. दारापाशी ‘एक्स्पेरिमेंटल’ असं ठसठशीत अक्षरांत लिहावं लागतं, आणि आत बसणाऱ्याला वाचता येईल अशी पट्टी लावावी लागते, की हे विमान कारखान्यात बनणाऱ्या विमानांच्या सुरक्षा-नियमांना धरून नाही. भाचेसुनेने ती पट्टी दोनदा वाचली आणि म्हणाली, “नियमांना धरून नसेल. रिवेट मी तपासलेत.” तरी पहिले ४० तास तिला आत बसता येणार नव्हतं. चाचणीच्या काळात प्रवासी न्यायचा नाही, असा नियम. वर्षानुवर्षं जिचा हात खांद्यापर्यंत त्या धडात होता, ती कुंपणापाशी उभी राहून हात हलवत होती.

आता सगळं झालं, असं आपल्याला वाटतं. खरी पंचाईत इथून सुरू होते. गॅरेज रिकामं झालं. दोन्ही गाड्या, आपापल्या खड्ड्यांसह, आत आल्या. भाचा शनिवारी सकाळी उठून गॅरेजात जाई, दिवा लावी, थोडा वेळ उभा राही आणि परत येई. विमान विमानतळावर होतं, हवामान स्वच्छ होतं, टाकी भरलेली होती, फुगा कधीचाच फेकून दिलेला होता. त्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले. न बिघडलेले पंखेही उतरवून पुन्हा लावले. शेजाऱ्याच्या कुंपणाची भोकं घासली. अशी अवस्था झालेल्यांसाठी या जमातीत एकच औषध आहे : दुसरं विमान. पहिलं पुरं करून लगेच दुसऱ्याची शेपटी मागवणारे इतके आहेत की त्यांची आपसात ‘सराईत गुन्हेगार’ अशी थट्टा चालते.

केरळातून इंग्लंडात गेलेल्या एका इंजिनिअरने दोन आसनी विमान पुरेनासं झालं म्हणून चार आसनी बांधलं. लॉकडाऊनमध्ये, घरामागच्या शेडमध्ये. दोन मुली, नवरा-बायको, हिशोब सरळ होता. मुलीच्या नावाचं ते विमान घेऊन कुटुंब युरोपभर फिरलंही. ही बातमी भाच्याने मला पाठवली, मी वाचली आणि काय येतंय ते ओळखलं. दोनच दिवसांनी फोन आला.

“मामा, चार सीटरची शेपटी मागवतोय.”

“अरे, पण तिला विचारलंस का?”

“तिनेच मागवलीये. फक्त एक अट आहे तिची.”

मागून तिचा आवाज आला. “मामा, या वेळी गन माझ्या हातात. बार तो धरणार, आणि वाकडं आलं तर मी ‘चालेल’ म्हणणार!”